मीठ उन्हात बघायचं

कापूस निळा दिसतोय हे पहिल्यांदा कमलाकरांच्या लक्षात आलं, आणि अनुयाने ते नेहमीसारखं उडवून लावलं.

"अहो, मोतीबिंदू काढल्यापासून तुम्हाला दूधसुद्धा निळं दिसतं. परवा माझे केस निळे म्हणालात."

"केस निळे आहेतच. तो डाय बदल." कमलाकरांनी चहाचा कप तिच्या लॅपटॉपपासून हातभर लांब ठेवला, मागच्या वर्षी एक कीबोर्ड त्यांच्या हातून चहात न्हाला होता. "पण ही फुलवात आहे ना ताटातली? निळ्या कापसाची वात मी जन्मात पाहिली नाही."

शनिवारची सकाळ, दहा वाजत आलेले. नवीन पनवेलच्या त्या दोन खोल्यांत जेवणाचं टेबल हाच अनुयाचा स्टुडिओ होता. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती फोटोग्राफर होती आणि हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. साड्यांना फॉल-पिको करता करता एकदा भाचीच्या बारशाला दुसऱ्याचा कॅमेरा हातात आला, तो परत देववेना. मग व्हिडिओ बघत, कमलाकरांच्या मोबाईलचा डेटा फस्त करत आणि ढिगाने चुका करत ती शिकली. आता पाचवी, बारसं, उष्टावण म्हटलं की पनवेलपासून उरणपर्यंतच्या बायका तिलाच बोलवायच्या. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष फोटोग्राफर कोण घेणार?

समोर कालची पाचवी उघडी होती. शिरढोणच्या पुढच्या वाडीतली दिपिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, मुलगी झालेली, काल पाचवा दिवस. पाटावर सुपारी, विळा, सटवाईने नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि पेन. शेजारी ताटात कोरड्या फुलवाती. आणि मऊ दुपट्यात गुंडाळलेलं गुलाबी, गोरंपान बाळ.

नवऱ्याला खोटं पाडावं एवढ्याच इराद्याने अनुयाने स्क्रीनवरचा रंग जुळवायचा ड्रॉपर उचलला आणि फुलवातीवर टेकवला.

कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते आपलं आपण नीट कळत नाही. त्याला कुणीतरी बोट दाखवून सांगावं लागतं, हे बघ, हे पांढरं. मग बाकीचे सगळे रंग तो त्या हिशोबाने लावतो. सांगणारा चुकला तर सगळी पंगतच चुकीची बसते, आणि कॅमेरा बिचारा हूं की चूं करत नाही.

फोटो हलला. फुलवात पांढरी झाली. दिपिकाचा हात सावळा झाला, जसा तो आहे तसा. दुपटं पिवळसर झालं.

आणि बाळ पिवळं झालं.

"हं," कमलाकर म्हणाले. त्यांना जिंकल्याचा आनंद झालेला दिसला नाही.

अनुयाने पुढचा फोटो उघडला, त्यालाही तेच माप लावलं. हा तिचा हुकमी फोटो होता, आईच्या तळहातावर बाळाचं पाऊल. तळहात तळहातासारखाच दिसत होता. त्याच उजेडात, त्याच फोटोत, त्याच्यावर टेकलेला तो बोटभर तळपाय मात्र आंब्याचा रस पुसावा तसा पिवळा होता.

तिला काल संध्याकाळची ती खोली आठवली. नवा कोरा बंगला, छताला पीओपीची नक्षी, नक्षीच्या आत पिवळ्या दिव्यांच्या माळा. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, पडदे ओढलेले. अशा उजेडात कॅमेरा गडबडतो म्हणून तिने शहाणपणा केला होता. दुपटं पसरलं, त्याच्यावर कॅमेरा रोखला आणि त्याला सांगितलं, हे पांढरं. बाळ झटकन गुलाबी झालं. बायका हरखल्या. दिपिकाची आई, गोदूमावशी, अनुयाच्या पाठीवर थाप मारून म्हणाली होती, "बग, कशी कापरासारकी गोरी हाय माजी नात!"

आणि मग ती बडबडत राहिली होती. अनुया बॅटरी बदलत होती आणि नुसतं "हो का मावशी" म्हणत होती. लहानपणी मिठागरावर कसं मीठ ओढायची. मुकादम कसा मुद्दाम तिन्हीसांजेला कंदील घेऊन यायचा आणि पांढऱ्याशुभ्र मिठाला मळकं म्हणायचा. बाप कसा त्याला परत पाठवायचा, "सकाळी ये, मीठ उन्हात बगायचं." आणि त्याच बडबडीत कुठेतरी एक वाक्य होतं. दुपटी समदी हळदीच्या पान्यातून काडलीत, पोरीला काय लागू नये म्हनून.

हळदीत बुडवलेल्या कापडाला तिने पांढरं म्हटलं होतं. कॅमेऱ्याने ऐकलं, आणि तेवढं पिवळं सगळ्या फोटोतून काढून टाकलं. दुपट्यातलं काढलं, तसं बाळातलंही काढलं.

"कावीळ आहे," कमलाकर म्हणाले. "आपल्या निनादला झाली होती तशी."

"नव्या बाळांना होतेच."

"होते. पण निनादचे डॉक्टर काय म्हणाले होते, आठवतं? तोंडावर आहे तोवर लक्ष ठेवा. तळपायाला पोचली की धावा."

अनुयाला आणखी एक गोष्ट आठवली. काल संध्याकाळी घरी येताच तिने त्यातले आठ फोटो दिपिकाला मोबाईलवर पाठवले होते, आणि तेसुद्धा घाईत चुकीचे, अल्बम छापणाऱ्यासाठी काढून ठेवलेले. छपाईचे फोटो ती मोठ्या रंगमापात काढायची, मोबाईलला लागतं लहान. हा फरक तिला स्वतःला कळायला वर्ष गेलं होतं, आणि कळला तो स्वयंपाकघरात. कृतीत लिहिलंय तीन वाट्या साखर. लिहिणारीची वाटी मोठी. तुम्ही तुमच्या लहान वाटीने तीन मोजल्या. आकडा तोच, पण शिरा अगोड. तसेच मोठ्या मापातले रंग मोबाईल आपल्या लहान वाटीने वाढतो आणि सगळं फिकं पडतं. म्हणजे हळदीच्या चुकीतून जे काही थोडं पिवळं उरलं असेल, तेही वाटेत उडालं असणार.

तिने फोन लावला. फोन गोदूमावशीने उचलला.

"कोन, फोटोवाली बाय? बोल."

"मावशी, दिपिकाला द्या जरा."

"बाळंतीण निजलीय. आनि तिला फोन नाय देत आमी, डोळं जातात. तुजं फोटो पन काय आलंय बाय! आक्क्या वाडीला दाखवलं."

"बाळ कसं आहे? दूध पितंय ना नीट?"

"पितंय थोडंथोडं. निजतंय लय. गुनाची हाय पोर, रडत पन नाय."

अनुयाने टेबलाची कड धरली. "मावशी, ऐका. ते फोटो..."

"आगं त्या फोटोनीच तर दिपिका गप बसली! काल सकाळपासून डोकं खात व्हती, आई पोर पिवळी वाटते, दाखवून आनू. मी बोलले, पाचव्या दिवशी उंबऱ्याभायर काडतात का पोर? मंग तुजं फोटो आलं. तिचा मावसभाऊ शैलेश, तो डाक्टरकी शिकतो, तेला पाठवलं. तो बोलला, रंग येकदम झ्याक, सोमवारी तपासायला बोलावलंय तवाच न्या."

"मावशी, फोटो चुकलेत!"

"कुटं चुकलेत? मस्त गोरी आलीय. ठेव आता, दूध उतू जातंय." आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला, नुसताच वाजत राहिला.

अनुयाने लॅपटॉप पिशवीत कोंबला. कमलाकरांनी तिच्या हातात हेल्मेट दिलं आणि "हळू जा" म्हणायच्या ऐवजी ते पहिल्यांदाच म्हणाले, "लवकर जा."

शनिवार म्हणजे गोव्याच्या रस्त्याला अर्धी मुंबई उतरलेली. पळस्पे फाट्यावर कंटेनरची रांग मुंगी शिरायला जागा देईना. दोन ट्रेलरच्या मधून स्कूटर काढताना तिला स्वतःचेच शब्द आठवत होते. काल दिपिकाने हळूच विचारलं होतं, "ताई, रंग जरा पिवळा नाही वाटत?" आणि ती मोठ्या जाणकाराच्या थाटात म्हणाली होती, "दिवे पिवळे आहेत गं. मी करते ना बरोबर." केलं की बरोबर! आईचे डोळे खरं सांगत होते, आणि तिने त्यांच्यावर सफाईने बोळा फिरवला होता.

बंगल्याच्या ओटीवर दिपिकाचे वडील पेपर वाचत बसले होते. त्यांना सगळी वाडी दाजी म्हणे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पैसं ऱ्हायलं काय द्यायचं?"

"नाही दाजी, बाळाला बघायचंय." चपला एकीकडे, हेल्मेट दुसरीकडे, ती आत घुसली.

खोलीत तोच पिवळा उजेड, तेच ओढलेले पडदे, शेक-शेगडीचा आणि ओव्याचा वास. दिपिका जागी होती. बाळ मांडीवर होतं, तोंडाशी धरलेलं आणि तरी झोपलेलं.

"ताई?" दिपिका म्हणाली. "ही ओढतच नाही हो. कालपासून दोन घोट घेते आणि झोपते."

"दिपिका, हिला आत्ता डॉक्टरांकडे न्यायचं. काल माझे फोटो चुकले. ही गुलाबी नाहीये. पिवळी आहे, पायापर्यंत."

दिपिकाचा चेहरा बघवेना. पण उत्तर अनुयाच्या मागून आलं. गोदूमावशी दारात उभी होती, हातात ओला झारा. "काय बोलतेस? कोन पिवळी?"

अनुयाने लॅपटॉप उघडला. कालचा फोटो आणि आजचा, शेजारी शेजारी. बोट दाखवून सांगितलं, दुपटं, हळद, फुलवात, तळपाय. आपण किती भरभर बोलतोय हे तिचं तिलाच कळत होतं, आणि भरभर बोलणाऱ्या बाईवर कुणी विश्वास ठेवत नाही हेही.

गोदूमावशीने दोन्ही फोटो नीट पाहिले. मग झाऱ्याने एकेकाकडे दाखवत म्हणाली, "काल पोर गोरी बोललीस. आज पिवळी बोलतेस. पोर येकच हाय. मंग तुजी ही पेटी खरं कवा बोलते, काल का आज?"

कालचं खोटं अनुयानेच इतक्या सुबकपणे रंगवलं होतं, की आजचं खरं तिच्याच तोंडी खोटं वाटत होतं.

"आई, मी कालपासून सांगतेय तुला," दिपिका रडकुंडीला आली. "परेशला तरी फोन लाव. तो द्रोणागिरीच्या गोदामावरून येईल तोवर..."

"पयलटकरनीला समदंच दिसतं. माज्या चार पोरी झाल्या, चारीला असाच रंग व्हता, हळदीनं उतरला. बाराव्या दिसाच्या आत मी पोर उंबऱ्याभायर काडायची नाय. वारा लागला, तर तुमी दोगी जबाबदारी घेनार?"

"निदान खिडकी उघडा," अनुया म्हणाली. "इथल्या उजेडात काहीच कळत नाही. एकच झडप."

"नाय."

बाळाने झोपेतच एक लहानसा आवाज केला. रडण्याचा नव्हे, रडायचा कंटाळा आल्यासारखा. अनुयाला वाटलं, हिला तसंच उचलावं आणि पळत सुटावं. पण दाजी दारात येऊन उभे राहिले होते, आणि दुसऱ्याच्या घरातून बाळ उचलून पळणाऱ्या बाईचं काय होतं हे सांगायला कुणी लागत नाही.

तिने लॅपटॉप मिटला. पिशवीत घातला, पिशवीची चेन लावली, ती खोलीबाहेर नेऊन ठेवली. मग मोकळ्या हातांनी गोदूमावशीसमोर येऊन बसली.

"ही पेटी राहू द्या, मावशी. ती माझ्यासारखीच अर्धवट आहे. तुम्ही मला एकच सांगा. तो मुकादम कंदील घेऊन यायचा, तेव्हा तुमचे वडील त्याला काय म्हणायचे?"

गोदूमावशीचा झारा खाली आला.

ती तशीच वळली आणि आत गेली. स्वयंपाकघरात बरणीचं झाकण वाजलं. परत आली तेव्हा तिची उजवी मूठ मिटलेली होती. सरळ खिडकीशी गेली, पडदा सारला, कडी काढली आणि उन्हाच्या बाजूची एक झडप उघडली.

ऊन पलंगाच्या अर्ध्यापर्यंत आलं. छतावरचे सगळे दिवे एका क्षणात बापुडवाणे दिसायला लागले.

"आन तिला हितं," ती म्हणाली.

दिपिकाने बाळ पुढे केलं. गोदूमावशीने मूठ उघडली. खडे मीठ होतं, उन्हात लखलखणारं. मिठाने भरलेला तळहात तिने बाळाच्या पावलाला लावून धरला आणि मान तिरकी करून बघत राहिली. पन्नास वर्षांपूर्वी बापाच्या शेजारी उकिडवी बसून मिठाच्या राशी बघायची, तशीच बघत असणार. मग दुसऱ्या हाताचा अंगठा तिने तळपायावर दाबला आणि उचलला. जिथे क्षणभर पांढरं दिसायला हवं होतं, तिथे पिवळं होतं. पायाची नडगी बघितली. पोट बघितलं. शेवटी पापणी हळूच वर केली, आणि डोळ्याचं पांढरं बघितलं, जे पांढरं नव्हतं.

तिने पापणी अलगद सोडली.

"अवं!" गोदूमावशी ओरडली. आवाज चिरकला. "अवं, गाडी काडा! उभं काय ऱ्हायलात!"

दाजी धावले. बाळ दिपिकाच्या हातून गोदूमावशीनेच घेतलं, पदराखाली घेतलं, आणि बाराव्या दिवसाचा उंबरा तिने सहाव्या दिवशी स्वतःच्या पायाने ओलांडला. उजवी मूठ पुन्हा मिटलेली होती. मीठ टाकायचं तिला सुचलंच नव्हतं.

पनवेलच्या दवाखान्यात बाळाच्या टाचेला सुई टोचली तेव्हाही बाळ जेमतेम कुरकुरलं. काविळीचा आकडा वीसच्या वर आला. डॉक्टरीणबाई फार बोलल्या नाहीत. बोलल्या ते एवढंच, "लाइटखाली ठेवतोय. संध्याकाळी सहाला परत रक्त बघू. उतरत असेल तर ठीक. चढत असेल तर रक्त बदलावं लागेल. आज आणलंत. सोमवारची वाट बघितली असती तर कावीळ मेंदूपर्यंत गेली असती."

पावणेबारा वाजले होते. सहाला सव्वासहा तास होते.

काचेपलीकडे निळ्या दिव्यांच्या पेटीत बाळ उघडंनागडं ठेवलं होतं, डोळ्यांवर पट्टी बांधून. सगळी खोली निळी झाली होती.

दीड वाजता दिपिकाचा नवरा परेश आला, गोदामाचं ओळखपत्र गळ्यात तसंच लटकलेलं. सासऱ्याने त्याला सांगितलं असावं, कारण तो सरळ अनुयापाशी आला आणि त्याने तिचे दोन्ही हात धरले. "ताई, तुम्ही नसता तर... फोटोवरून ओळखलंत तुम्ही. देवासारख्या आलात."

इथे गप्प बसणं फार सोपं होतं. नुसती मान हलवायची. अनुयाच्या मनात आलं, खोटं कशाला म्हणतोय आपण याला? सकाळी ओळखलं, हे खरंच आहे की. फक्त एका बाजूचा उजेड बंद ठेवायचा.

"परेश, बस," ती म्हणाली. "तुझ्या बायकोने काल सकाळीच ओळखलं होतं. ती काल संध्याकाळी इथे आली असती. माझे फोटो बघून ती थांबली. मी पिवळं बाळ गुलाबी करून पाठवलं, आणि ते बघून शैलेश म्हणाला की रंग झकास आहे. एक रात्र माझ्यामुळे गेली."

परेशने तिचे हात सोडले. तो उठला आणि पाण्याच्या नळाशी जाऊन पाठ करून उभा राहिला. पाणी प्यायला नाही. नुसता उभा राहिला.

"मीपण त्याला तेच सांगणार होते," भिंतीला टेकून बसलेली दिपिका म्हणाली. आवाजात राग होता, पण तो दमलेला होता. "तुम्ही सांगितलं नसतं, तर सांगितलं असतं."

"सांगायलाच हवं होतंस."

"हळद मी लावली दुपट्याला," गोदूमावशी मध्येच म्हणाली. तिने दोघींकडेही बघितलं नाही. "आनि खिडकी मीच लावली. येकट्या फोटोवाल्या बायच्या नावावर समदं नको घालू."

तीन वाजले. साडेचार वाजले. दाजींनी चहा आणला, तो कागदी कपांत थंड झाला. कमलाकरांचा मेसेज आला, "आकडा?" अनुयाने लिहिलं, "सहाला." त्यांनी लिहिलं, "निनादचा उतरला होता." दर अर्ध्या तासाने दिपिका आत जायची, बाळाला छातीशी धरायची, बाहेर यायची. पाचला बाहेर आली तेव्हा म्हणाली, "जरा ओढलं." आणि कुणी आशा धरू नये म्हणून लगेच पुढे म्हणाली, "जराच."

सहाला रक्त घेतलं. या वेळी टाचेला सुई लागताच काचेपलीकडून आवाज आला, आणि तो आवाज कुरकुरीचा नव्हता. चांगला कडकडीत, सगळ्या मजल्याला ऐकू जाणारा संताप होता. परेश नळापासून धावत आला. गोदूमावशीने डोळे मिटले.

पाऊण तासाने नर्स कागद घेऊन बाहेर आली. "सतरा. उतरतेय. उद्यापर्यंत लाइटखालीच ठेवायचं, पण रक्त बदलायची गरज नाही."

दिपिका मोठ्याने रडली. परेश तिच्याजवळ खाली बसला. बऱ्याच वेळाने त्याने वर पाहिलं आणि अनुयाला म्हणाला, "ते आठ फोटो काढून टाका, ताई. आमच्याकडचे मी काढतो."

"टाकते."

"आणि बारशाला या. पण सकाळी या," दिपिका पदराने नाक पुसत म्हणाली. "खिडकीत काढायचे. जशी असेल तशी."

नर्सने आजीला एक मिनिट आत सोडलं. अनुया दाराशीच थांबली. गोदूमावशी पेटीजवळ उभी राहिली आणि तिने सकाळपासून पदराच्या गाठीत बांधून ठेवलेलं मीठ सोडलं. दृष्ट काढायची असणार, असं नर्सला वाटलं.

"आजी, इथे नाही हं काही ओवाळायचं!"

"नाय गं बाय. बगते नुसती." तिने तळहात निळ्या उजेडात धरला, मान तिरकी केली, आणि दाराकडे वळून अनुयाला हाक मारली. "ये, हितं बग. हितं मीठ पन निळं!"

"कापूससुद्धा निळा दिसेल, मावशी."

"मंग हितं तुजी फोटोची पेटी नको आनू," गोदूमावशी म्हणाली आणि मीठ पुन्हा गाठीत बांधायला लागली.